साळूताईच्या दारातल्या वहाणा

एका जंगलात एक अर्धी बातमी फिरत होती. पूर्ण असती तर एका दिवसात शिळी झाली असती. अर्धी होती, म्हणून दोन महिने ताजी राहिली.

झालं असं, मुलांनो. त्या जंगलात एक टिटवीकाकू राहायची. एके सकाळी ती पाणवठ्यावर आंघोळीला गेली. काठावरच्या जांभळीवर हुप्पेबंधू बसले होते. दोघेही वानर, दोघेही काळ्या तोंडाचे, आणि दोघांच्याही पोटात काही राहत नसे. थोरला हुप्पे धाकट्याच्या डोक्यातल्या उवा काढत होता. उवा काढताना तोंड रिकामं असतं, त्यामुळे बोलणं होतंच.

"ऐकलंस का?" थोरला म्हणाला. "गवेरावांच्या वहाणा साळूताईच्या दारात दिसल्या. म्हणजे आता गवेराव—"

तेवढ्यात पाण्यातून मगरीने नाक वर काढलं. हुप्पेबंधू एका उडीत तिसऱ्या झाडावर.

"अहो, गवेराव काय? पुढचं सांगून तरी जा!" टिटवीकाकू ओल्या पंखांनी ओरडत राहिली.

पण हुप्पेबंधू गेले ते गेलेच. घाबरून थेट डोंगरापलीकडे आत्याकडे जाऊन राहिले. टिटवीकाकूला त्या दिवशी किडा गोड लागला नाही.

तुम्ही म्हणाल, वहाणा दिसल्या तर दिसल्या, त्यात काय एवढं? म्हणून आधी तिथली रीत सांगते.

त्या जंगलात सगळे चपला-बूट घालायचे. का घालायचे, ते विचारू नका. एकाने घातले म्हणून दुसऱ्याने घातले. आणि कुणाच्याही घरी गेलं की दारात काढायचे. त्यामुळे कोण कुणाकडे गेलंय, हे आत डोकवायच्या आधीच कळायचं. अस्वलाच्या दारात कोल्हिणीच्या उंच टाचांच्या चपला दिसल्या, की ती मध मागायला आली. बगळ्यांच्या दारात एकदम वीस-पंचवीस जोड दिसले, की तिथे कुणीतरी गेलं. आपणही जाऊन यायचं. वहाणा जोडून नीट ठेवलेल्या असतील तर पाहुणा नवा. एक इकडे, एक तिकडे असेल तर घरचाच. टिटवीकाकू तर नुसत्या वहाणा बघून सांगायची, की आत चहा झालाय की अजून आधण ठेवायचंय.

आता साळूताई. साळूताई म्हणजे साळिंदर. अंगावर काटे, पण स्वभावाने मऊ. तिने दोन वर्षं शहरातल्या प्राणिसंग्रहालयात राहून मनाचं शिक्षण घेतलं होतं. परत आली आणि आपल्या गुहेच्या पुढच्या खोलीत तिने सेशन घ्यायला सुरुवात केली. बीळ नव्हे हं, गुहा. बिळात गवा कसा मावेल, असं विचारणारं एक तरी पोर तुमच्यात असेलच.

सेशन म्हणजे काय? तर एकाने गादीवर बसून मनातलं बोलायचं आणि दुसऱ्याने मध्ये न बोलता ऐकायचं. जंगलात असं आधी कुणी केलं नव्हतं. मनातलं बोलणारे पुष्कळ होते. मध्ये न बोलणारं कुणी मिळत नव्हतं.

पहिल्याच दिवशी प्रश्न आला. सेशनला येणाऱ्याने बूट काढायचे की नाही?

"दवाखान्यात काढतात," अस्वल म्हणालं.

"न्हाव्याकडे नाही काढत," कोल्हीण म्हणाली.

"पण हे दवाखान्यासारखं आहे, की न्हाव्यासारखं?"

"देवळासारखं निघालं तर?" ससा म्हणाला. त्याला नेहमी पुढची काळजी.

साळूताई हसून म्हणाली, "ज्याला जसं मोकळं वाटेल तसं करावं. आमच्या पुस्तकात असंच आहे."

झालं. अस्वलाला बूट काढून मोकळं वाटलं. त्याने बूट काढले, मोजे काढले, पाय गादीवर घेतले, आणि साळूताई पन्नास मिनिटं नाकाला पदर लावून ऐकत राहिली. सशाला बूट घालूनच मोकळं वाटलं. "काढले आणि पळायची वेळ आली तर?" तो म्हणाला. चिखलाच्या बुटांनी तो आत आला आणि नुकत्याच सारवलेल्या जमिनीवर ठसे उमटवत बसला. ससा बसल्या बसल्याही धावत असतो.

ती जमीन सारवायच्या सासूबाई.

साळूताईची सासू फार वर्षांची होती. तिचं खरं नाव सगळे विसरले होते. जंगलात सगळेच तिला सासूबाई म्हणत. सिंहसुद्धा. गुहेत मागे तिची चूल, कोपऱ्यात तिचे देव. सशाचे ठसे बघितले आणि तिच्या पाठीवरचे काटे ताठ उभे राहिले.

"साळू, हे घर आहे की आठवड्याचा बाजार?"

"आई, येणाऱ्याला मोकळं वाटायला हवं."

"मोकळं वाटायला एवढं रान पडलंय की बाहेर. मनात काय असेल ते खुशाल आत आणा म्हणावं. पायातलं बाहेर ठेवा."

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली: 'येथे मनाचे प्रश्न ऐकले जातील. वहाणा बाहेर काढाव्यात.'

पाटी लागली आणि येणारे बंद झाले. वहाणा बाहेर म्हणजे नाव बाहेर. त्यात समोरच्याच माळावर टिटवीकाकूचं घरटं. पोट दुखतंय हे सगळं जंगल सांगत फिरायचं, पण मन दुखतंय हे कुणाला कळलेलं चालत नसे. अस्वलाने तर जाहीर केलं, की तो गादी कशी आहे ते बघायला गेला होता.

आणि नेमके तेव्हा गवेराव आले.

गवेराव म्हणजे गव्यांच्या कळपाचे पुढारी. छातीकडून बघितलं तर एक टेकडी, मागून बघितलं तर दुसरी. चार पायांत चार वहाणा, नाल ठोकलेल्या, कुरकुर वाजणाऱ्या. त्या मापाच्या वहाणा त्या जंगलात दुसऱ्या कुणाच्या नव्हत्या.

दरवर्षी पळस फुलून गेला, की नदीच्या अलीकडचं गवत वाळायचं. मग गवेराव पुढे आणि कळप मागे, असे सगळे नदी उतरून पलीकडच्या कुरणात जायचे. गेल्या वर्षी नदीच्या मध्यावर गवेरावांच्या पायाखालचा दगड सरकला. नाकात पाणी गेलं, कानात गेलं. काठ कुठल्या बाजूला आहे तेच त्यांना क्षणभर कळेना. मग खूर टेकले, ते चालत गेले, काठावर चढले. ते सगळ्यांच्या पुढे होते, म्हणून त्यांचं तोंड कुणाला दिसलं नाही.

त्या दिवसापासून त्यांना पाण्यात पाय घालता येईना. परतताना हिवाळा होता, वाटेत चारा होता, म्हणून "जरा फिरून जाऊ" असं म्हणत त्यांनी कळपाला आठ दिवसांचा वळसा घालून उगमाकडून आणलं. यंदा उन्हाळ्यात त्या वाटेवर गवताची काडी नव्हती. नदी उतरावीच लागणार होती. सहा आठवडे उरले होते.

"दादा," दौलू नावाचा एक तरणा गवा अदबीने म्हणाला, "यंदा मी पुढे होऊ का? तुम्ही दमत असाल."

गवेरावांना त्या शब्दांपेक्षा त्याची अदब जास्त लागली.

कारण नदी न उतरणारा पुढारी कळपात राहत नसे. कळप पुढे जायचा आणि तो मागे एकटा उरायचा. त्याला एकांडा म्हणत. गवेरावांनी वासरू असताना असा एक एकांडा बघितला होता. तो सागाच्या खोडाशी बोलायचा. आणि खोड उत्तर देत नाही म्हणून त्याच्यावर रागवायचाही.

म्हणून गवेराव साळूताईच्या दारात आले. पाटी वाचली. एक वहाण काढली. दुसरी काढली. तिसरी काढता काढता मान वर केली, तर समोर टिटवीकाकू एका पायावर उभी. वर झाडात हुप्पेबंधू. गवेरावांनी तिन्ही वहाणा परत घातल्या आणि इकडूनच चाललो होतो असं दाखवत निघून गेले.

साळूताईच्या दारात हुप्पेबंधूंनी बघितलं ते एवढंच. त्यातून ती अर्धी बातमी झाली, आणि पुढचा अर्धा भाग ज्याने त्याने आपापल्या घरी तयार केला. कोल्हीण म्हणाली, "म्हणजे आता गवेराव राजकारण सोडणार." अस्वल म्हणालं, "म्हणजे आता गवेराव वेडे होणार." ससा म्हणाला, "म्हणजे आता आपल्या सगळ्यांचं काहीतरी होणार."

पुढच्या सोमवारी गवेराव पुन्हा आले. या वेळी त्यांनी युक्ती केली होती. वहाणा दारात ठेवल्या की दिसतात. पायात ठेवल्या की सासूबाई रागावतात. म्हणून चारही वहाणा तोंडात धरून ते आत गेले.

"बसा," साळूताई म्हणाली. "काय त्रास होतोय?"

"हं."

"झोप लागते का?"

"हं हं."

"मोकळेपणाने बोला. इथलं बाहेर जात नाही."

गवेरावांनी तिच्याकडे फार दुःखाने बघितलं. पन्नास मिनिटं झाली. साळूताईने वहीत लिहिलं: 'रुग्ण मितभाषी.' आणि गवेराव तोंडात चामड्याची चव घेऊन घरी गेले.

आठवडाभर विचार करून त्यांना सरळ उपाय सुचला. वहाणा घालायच्याच नाहीत. पायात नसतील तर काढायच्या कुठून? काढल्या नाहीत तर दिसतील कुठून? सोमवारी सकाळी ते घरातून अनवाणीच निघाले.

अहो, पण गवेराव अनवाणी! वाटेवर जो तो थांबून बघायला लागला. कुरकुर ऐकू येत नाही म्हणून हरणं दचकली. साळूताईचं दार वीस पावलांवर राहिलं असेल, तेवढ्यात टिटवीकाकू टुणकन आडवी आली.

"अगबाई, गवेराव! पायात काही नाही? नवस बोललात वाटतं?"

गवेराव थबकले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. पण हे आयतं दारात आलेलं.

"हो," ते म्हणाले.

"कुणाला?"

"देवीला. वडाखालच्या."

"कधीपर्यंत?"

"नदी उतरेपर्यंत."

टिटवीकाकूचे डोळे भरून आले. तशी ती मनाची चांगली. "कळपासाठी ना? मला वाटलंच. आणि इकडे कुठे?"

"सासूबाईंकडे. नवसाचे... नियम विचारायला."

"बरोबर. त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? जा, जा. मी कुणाला सांगत नाही."

दुपारपर्यंत सगळ्या जंगलाला कळलं. गव्यांच्या बायकांनी देवीची ओटी भरली. दौलूनेही वहाणा काढून ठेवल्या आणि गवेरावांच्या पायांना हात लावला, म्हणजे खूर. नवस बोललेल्याला बाजूला हो म्हणायचं तरी कसं? पुढारीपण वाचलं. पण आता नदीवर नुसता कळप बघणार नव्हता. अख्खं जंगल बघणार होतं.

पण ते दुपारचं. त्याआधी, सकाळी, गवेराव साळूताईच्या दारापाशी पोचले. दारात सासूबाई.

"वहाणा कुठायत?"

"घातल्याच नाहीत."

"म्हणजे सगळं रान पायाला लावून माझ्या घरात येणार? थांबा तिथेच. पाय धुवा आधी."

मुलांनो, आपल्याकडेही असंच असतं ना? चपला घालून आलात तर चपला काढा. अनवाणी आलात तर पाय धुवा. तसाच्या तसा कुणी आत घेत नाही.

सासूबाईंनी भोपळ्याचं तुंबडं भरून आणलं आणि गवेरावांच्या पुढच्या उजव्या खुरावर पाणी ओतलं.

गवेराव किंचाळले. एवढं मोठं जनावर, पण आवाज वासराचा निघाला. ते दोन हात मागे सरकले. कान मिटले.

"एवढं काय झालं? थंड आहे का?"

"नाही."

"मग पुढे या. अजून तीन राहिलेत."

सासूबाईंना नाही म्हणण्याची त्या जंगलात पद्धत नव्हती. गवेरावांनी डोळे मिटले. पुढचा डावा. मागचा उजवा. शेवटच्या पायापर्यंत त्यांच्या डोळ्यांतूनही पाणी यायला लागलं. सासूबाईंनी तेही तिथल्या तिथे पदराने पुसलं. तुंबड्यातलं उडालं असेल असं त्यांना वाटलं. पन्नासपैकी पस्तीस मिनिटं दारातच गेली.

"आई, माझी वेळ तुम्ही खाता," साळूताई म्हणाली.

"मग तुझ्या गादीवर चिखल घे. मी एक शब्द बोलणार नाही."

पुढच्या सोमवारी सासूबाईंची कंबर धरली होती. त्यांनी दारात गुरांची दगडी डोणी आणून भरून ठेवली. "आत उभे राहा आणि आपले पाय आपण धुवा. मी काय तुमची मोलकरीण आहे?" गवेराव एक खूर घालायचे आणि काढायचे. घालायचे आणि काढायचे. सासूबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. एकेका भाकरीगणिक मान वळवून म्हणायच्या, "झालं का? टाच राहिली. टाच!" सातव्या भाकरीला चारही खूर डोणीत होते.

त्यापुढच्या सोमवारी गवेरावांच्या वजनाने डोणीच फुटली. मग सासूबाईंनी त्यांना गुहेमागच्या ओहोळाकडे पिटाळलं. तिथे घोट्याएवढं पाणी. पुढच्या खेपेला म्हणाल्या, "घोट्याच्या वर कोण धुणार? गुडघ्याला बघा काय लडबडलंय." आणि त्यांना आणखी खाली, गुडघाभर पाण्यात पाठवलं.

आत साळूताई आपलं काम मनापासून करत होती.

"तुमच्या आईशी तुमचं नातं कसं होतं?"

"बरं होतं. ती कमी बोलायची. मीही."

"त्याचा तुम्हाला त्रास झाला?"

"नाही. चरताना कोण बोलतं?"

साळूताई लिहून घ्यायची. पण शिकलेली खरोखरच होती, असं म्हणायला हवं. पाचव्या सोमवारी तिने वही बाजूला ठेवली आणि नुसतं विचारलं, "गवेराव, कशाची भीती वाटते?"

गवेरावांनी आपल्या ओल्या खुरांकडे बघितलं.

"एकांडा होण्याची," ते म्हणाले. मग दगडाचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, सागाच्या खोडाशी बोलणाऱ्या त्या म्हाताऱ्याचंही सांगितलं. साळूताई मध्ये एकदाही बोलली नाही. चुलीपाशी भाकरी थापण्याचा आवाजही तेवढा वेळ बंद होता. भाकऱ्या संपल्या असतील.

सहावा सोमवार. नदीचा दिवस.

सगळं जंगल काठावर जमलं होतं. बायका ओट्या घेऊन, अस्वल मोजे घालून. टिटवीकाकू सकाळपासून पुढची जागा धरून बसली होती. चाळीस गवे गवेरावांच्या मागे ओळीने उभे. दौलू लगेच मागे. गवेराव पाण्याच्या कडेला आले आणि थांबले.

थांबले ते थांबलेच.

"देवीचं नाव घेतायत," कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी हात जोडले.

गवेराव नाव घेत नव्हते. ते मधल्या धारेकडे बघत होते. ओहोळ वेगळा आणि नदी वेगळी. कान मिटले. आणखी थोडा वेळ गेला असता तर लोकांचे हात खाली आले असते. दौलू अर्धं पाऊल पुढे सरकला.

"दादा—" तो हळूच म्हणाला.

तेवढ्यात गर्दीतून काठी टेकत सासूबाई पुढे आल्या.

"काय बघत बसलात, गवेराव?"

"काही नाही, सासूबाई."

"पाय बघा. एवढ्या चिखलाच्या पायांनी त्या कुरणात जाणार? नवं गवत आहे तिकडे. कुणी सारवल्यासारखं ठेवलंय, आणि तुम्ही तसेच जाणार? धुवा आधी."

गवेरावांनी पलीकडे बघितलं. हिरवंगार, स्वच्छ. मग स्वतःच्या पायांकडे. चिखल होता खरा.

"पुढचा उजवा," सासूबाई म्हणाल्या.

पुढचा उजवा पाण्यात गेला.

"पुढचा डावा. मागचे कोण धुणार? आणि घोट्यावर थांबू नका. गुडघे, पोट, सगळं. एवढं मोठं अंग, त्याला पाणी नको?"

गवेराव धुत धुत गेले. पोटाला पाणी लागलं तेव्हा एकदा किंचाळले, पण लोकांना ती गर्जना वाटली आणि देवीचा जयजयकार झाला. मध्यावर पोचले तेव्हा सासूबाईंचा आवाज काठावरून येतच होता, "मान राहिली! मान!" मागून दौलू उतरला. त्याच्या मागून चाळीस गवे, पोरंबाळं, सगळे.

पलीकडे चढले तेव्हा गवेरावांइतकं स्वच्छ जनावर त्या जंगलात कुणी बघितलं नव्हतं.

पुढे काय झालं? देवीला पाच नारळ फुटले. साळूताईने शहरात पत्र लिहिलं: 'पाच बैठकांत रुग्ण बरा. आईविषयी बोलल्याने विशेष फरक पडला.' आणि साळूताईकडे पुन्हा गर्दी झाली. सगळे अनवाणी. अस्वल अनवाणी, कोल्हीण अनवाणी, ससासुद्धा एकेक बूट खिशात घालून आला. टिटवीकाकूने ज्याला त्याला विचारलं, "नवस का?" आणि जो तो हो म्हणाला. एका आठवड्यात त्या जंगलात एवढे नवस झाले, की देवीलाही हिशेब लागला नसेल.

सासूबाईंनी तीन दिवस पाय धुवून घेतले. चौथ्या दिवशी त्यांची कंबर पुन्हा धरली. त्यांनी स्वतः कोळशाने पाटीवर लिहिलं: 'वहाणा काढा किंवा काढू नका. पाणी मिळणार नाही.' आणि देव घेऊन त्या मागच्या खोलीत राहायला गेल्या. पुढची खोली आता कुणी सारवत नाही. तेव्हापासून साळूताईच्या सेशनचा म्हणावा तसा गुण येत नाही, अशी तक्रार आहे. साळूताईला कारण कळत नाही. ती पुस्तकात शोधते आहे.

मग एके दिवशी हुप्पेबंधू आत्याकडून परत आले. जांभळीवर बसतायत तोवर टिटवीकाकू खाली हजर.

"थोरल्या, दोन महिने झाले मला झोप नाही. त्या दिवशी काय म्हणत होतास? 'म्हणजे आता गवेराव' काय?"

थोरल्याने डोकं खाजवलं. "हां, ते. म्हणजे आता गवेराव एकांडे होणार. पाण्याला घाबरतात ते. रोज पहाटे काठावर यायचे, बघायचे आणि मागे जायचे. झाडावरून सगळं दिसतं."

"शिव शिव! किती खोटं बोलशील? सगळ्या जंगलासमोर उतरले नदी! नवस केला होता त्यांनी."

पण टिटवीकाकूला आता चैन पडेना. ती तडक उडाली आणि पलीकडच्या कुरणात जाऊन उतरली. गवेराव कळपाच्या मधोमध बसून रवंथ करत होते. एका बाजूला दौलू, अंगावर दोन वासरं लोळतायत. एकांडे तर कुठूनच दिसत नव्हते.

"बरे आहात ना, गवेराव?"

"बरा आहे, काकू." त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि मान तिच्या कानापाशी आणली. "एक काम कराल? आम्ही थंडी पडली की परत येणार. तेव्हा जरा सासूबाईंना काठावर घेऊन याल?"

"कशाला हो?"

गवेरावांनी बसल्या बसल्या एक खूर गवताला पुसला.

"पाय मळतात इकडे फार," ते म्हणाले.

टिटवीकाकू परत आली. अर्धी बातमी खरी निघाली आणि अर्धी खोटी. कुठली अर्धी खरी, ते मात्र तिने हुप्पेबंधूंना सांगितलं नाही. तिच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं.

तात्पर्य: मनाचं काही दुखत असेल तर लाजू नये, जाणत्याकडे जरूर जावं. वहाणा काढाव्यात की घालाव्यात, ते आपल्या सोयीने बघावं. मात्र ज्या जाणत्याच्या दारात सासू उभी नाही, तिथे वेळ घालवू नये.